तीन कोसांचा नकार

एका बाजारपेठेत एकदा एक घोंगड्यांचा व्यापारी होता. वय झालेला, एकटा. बायको जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. सारी पेठ त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्या हाताखाली सदाशिव नावाचा एक तरुण सहा वर्षे धंदा शिकत होता. लोकर चिमटीत धरून ती कोणत्या ऋतूत कातरली हे सांगण्याइतका तो तयार झाला होता. आपल्यामागे दुकान यानेच चालवावे, असे अण्णांच्या मनात होते. गणपतीच्या दिवसांत त्यांनी तसे विचारलेही.

"विचार करून कळवतो, अण्णा," सदाशिव म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या गादीशेजारी आणखी एक गादी घातली, नवी खोळ चढवून. तिच्यावर कोणी बसत नसे. सदाशिव आपला पूर्वीसारखाच उंबऱ्याजवळच्या पोत्यावर बसे.

त्याच सुमारास म्हाळू नावाचा एक म्हातारा विणकर दुकानात आला. तीन कोसांवरच्या वस्तीत त्याचा माग होता. खांद्यावर एक काळे घोंगडे, घट्ट विणीचे, चिंचोक्याची खळ दिलेले. हा नमुना ठेवा, म्हणाला, पसंत पडला तर आणखी बारा विणून देतो. अण्णा त्या दिवशी तापाने घरी होते. सदाशिवाने घोंगडे उलटसुलट करून पाहिले. माल उत्तम होता, पण जड आणि अंगाला टोचणारा. गिऱ्हाईक आता गिरणीच्या मऊ कांबळ्याला आधी हात घालते, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी म्हाताऱ्याच्या तोंडावर नाही म्हणणे त्याच्याने झाले नाही. "ठेवून जा बाबा, कळवतो," असे म्हणून त्याने घोंगडे माळ्यावर टाकले, आणि तो ते विसरला.

चार महिने गेले. पौषातल्या एका बाजाराच्या दिवशी शेंगा विकणारी एक बाई दुकानापुढच्या उन्हात पाठ शेकत बसली होती. बोलता बोलता म्हणाली, आमच्या वस्तीतला म्हाळूबाबा तुमच्या निरोपासाठी थांबलाय. दर बाजारच्या संध्याकाळी फाट्यावर येऊन बसतो आणि परतणाऱ्या एकेकाला विचारतो, दुकानातनं काही सांगितलंय का. लोक थट्टा करतात, बाबा, तुझं घोंगडं राजानं पांघरलं, तो कशाला उठतोय आता. म्हातारा त्यांच्याबरोबर हसतो आणि बसून राहतो.

अण्णांनी सदाशिवाकडे पाहिले. "काय बोलला होतास त्याला?"

"कळवतो म्हणालो होतो."

"मग कळवलंस?"

सदाशिवाला थोडे हसू आले. "अण्णा, कळवतो म्हणजे नाहीच की. पेठेत कुणालाही विचारा."

"तो पेठेतला नाही," अण्णा म्हणाले.

आणि मग भर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक दारात असताना, अण्णांनी दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. सदाशिवाला काही समजेना. तो म्हणाला, निरोपच द्यायचा तर या बाईजवळ देऊ. अण्णा म्हणाले, दुसऱ्याच्या तोंडी दिलेलं 'नाही' वाटेत मऊ पडतं, म्हातारा आणखी चार महिने बसेल. माळ्यावरचे घोंगडे त्यांनी झटकले आणि सदाशिवाच्या खांद्यावर ठेवले. शेजारच्या दुकानदाराने विचारले, कुणाच्या लग्नाला निघालात? नाही म्हणायला चाललोय, अण्णांनी सांगितले. तो शेजारी हसून म्हणाला, आम्ही हो म्हणायलासुद्धा गल्ली ओलांडत नाही, अण्णा.

ऊन कलते झाले तेव्हा ते फाट्यावर पोहोचले. म्हाळू एका दगडावर बसला होता. सदाशिवाच्या खांद्यावरचे घोंगडे त्याला दुरूनच दिसले असणार, तरी तो उठून सामोरा आला. आधी घरी चला, पाणी प्या, एवढेच म्हणाला. घरात दुसरे कोणी नव्हते. मागावर उभे धागे ताणून तयार होते, वीण मात्र एक बोटही नव्हती. दाराशी एक गाठोडे बांधून ठेवलेले होते. त्याच्या गाठीवर धूळ बसली होती.

गूळ-पाणी झाल्यावर अण्णा थोडे मागे सरकून बसले. बोलायचे होते ते सदाशिवालाच.

"बाबा, तुमचं घोंगडं चांगलं आहे. पण आमच्याकडं ते आता खपत नाही. आम्ही घेणार नाही."

म्हाताऱ्याने घोंगडे मांडीवर घेऊन त्याच्या काठावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"बरं," तो म्हणाला. "लेक केव्हाची बोलावतीय. कायमचं या म्हणती. जावई गाडी घेऊन आला होता. मी त्याला माघारी लावला. म्हटलं, दुकानदार कळवतो म्हणालाय. त्याचा निरोप यायचा नि मी हितं नसायचो, तर त्या बिचाऱ्याचा शब्द वाया जायचा." मग थोडे थांबून, कसलीही तक्रार नसलेल्या आवाजात म्हणाला, "तेवढ्यात नातीचं बारसं होऊन गेलं."

त्याने मागावरचे धागे कापले, गाठोडे उचलले आणि दाराला कडी घातली. ते घोंगडे स्वतःच्याच अंगावर घेतले. फाट्यापर्यंत तिघे मिळून आले. तिथून तो लेकीच्या गावाच्या वाटेला लागला, आणि वळणापर्यंत त्याची काळी पाठ दिसत राहिली.

परतीच्या वाटेचा एक कोस मागे पडला. मग अण्णा हळूहळू सांगू लागले.

"सदा, नाही म्हणणं आपल्याला जड जातं. म्हणून ते ओझं आपण समोरच्याच्या दारात ठेवतो आणि हलके होऊन घरी येतो. कळवतो म्हणणारा त्याच दिवशी जेवून झोपतो. ऐकणारा मात्र उठू शकत नाही. त्यानं 'नाही' ऐकलं असतं, तर चार दिवस वाईट वाटून तो लेकीकडं गेला असता. 'कळवतो' हा शब्द वाईट नाही, बाबा. तो म्हणावा. पण म्हटला, की त्याच्यामागं चालत जावं."

एवढेच बोलून ते थांबले. आपल्या दुकानाविषयी त्यांनी अक्षर काढले नाही.

पेठेत आले तेव्हा दिवेलागण केव्हाच होऊन गेली होती. अण्णांनी एक फळी काढून कंदील लावला. उजेड पडला तो आधी त्या नव्या खोळीच्या गादीवर पडला. चार महिन्यांत तिच्यावर एक सुरकुतीही पडली नव्हती. सदाशिव उंबऱ्यातच उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "पाडव्यानंतर मी इथं नसेन. सासऱ्यांच्या गावी स्वतःचं दुकान घालतोय. गणपतीतच ठरलं होतं माझं. तुमच्या तोंडावर बोलवत नव्हतं."

अण्णा कंदिलाची वात सारखी करत होते. ती सारखी झाल्यावरही त्यांचा हात तिथेच राहिला.

"बरं झालं, सांगितलंस," ते म्हणाले. "आता तू घरी जा. बायको वाट बघत असेल."

सकाळी सदाशिव कामाला आला, तेव्हा दुसरी गादी अण्णांच्या शेजारी नव्हती. ती त्यांनी दाराजवळ, उन्हाच्या जागी, आल्या-गेल्याला बसायला घातली होती.