खरवंडीकर सरांची खिडकी

भौतिकशास्त्राच्या खरवंडीकर सरांचा कॉलेजात भलताच दरारा. पहिल्याच तासाला ते बजावायचे, "रीडिंग न घेता निष्कर्ष लिहिलात, तर जर्नल खिडकीबाहेर!" आणि खरंच भिरकावायचे.

आमच्या वर्षी तो तास संपताच टेंभुर्णीची यमुना भिसे त्यांच्यासमोर उभी राहिली. "सर, मला साधा नको, प्रगत अभ्यासक्रम हवाय."

सरांनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं. "खेड्यातली मराठी शाळा ना? तुला नाही झेपायचं. साधाच घे."

यमुना हळूच म्हणाली, "सर, रीडिंग न घेताच निष्कर्ष?"

आम्हाला वाटलं, आता जर्नलऐवजी हीच खिडकीबाहेर जाणार!

सर उठले. त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "उद्यापासून प्रगतला बस. रीडिंग मी घेतो."