हाकेची बाई

फार वर्षांपूर्वी, धामणतळ्याला अजून बैलगाडीही पोचत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची असेल तर नीट बसा. आणि एक आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट सांगताना मला राग येतो. दरवेळी येतो. मध्येच माझा आवाज चढला तर लहानांनी घाबरू नये, तो तुमच्यावर चढलेला नसेल. मोठ्यांचं मी काही सांगत नाही.

डोंगराच्या सोंडेवर गाव होतं. शेजारच्या घळीत बांध घालून अडवलेलं तळं होतं आणि तळ्याखाली, ओढ्याच्या काठी, खालची वाडी होती. शाळा वर गावात. शाळेच्या ओट्यावर एक मोठी पितळी घंटा टांगलेली असायची आणि ती लाकडी हातोड्याने वाजवायची. गावचे पाटील रायाजीराव, त्यांच्या आज्याने ती घंटा दिली होती. पंचक्रोशीत तसली घंटा दुसरी नव्हती, आणि पाटलांच्या घरात सून आली की आधी देवाला आणि मग घंटेला हळदकुंकू वाहायची.

एका पावसाळ्यात तळ्याचा बांध पाझरू लागला. वाडीतली माणसं पाटलांकडे गेली. पाटील म्हणाले, पाऊस ओसरू दे, मग बघू. माणसं परत गेली आणि पुन्हा आली. पाटील तेच म्हणाले. पाऊस ओसरायच्या आत बांध फुटला.

भर दुपारची वेळ होती. वाडीतली पोरं वर शाळेत बसली होती. कोणीतरी धावत आलं आणि घंटा बडवायला लागलं, आणि ती घंटा बडवली जात असताना पोरं ओट्यावर उभी राहून आपली घरं वाहून जाताना बघत होती. घरं गेली, गोठे गेले, कोणाची आई गेली, कोणाचं पाळण्यातलं भावंड गेलं. पाणी उतरलं तरी घंटा चालूच होती, असं म्हणतात. खरंच असेल. बडवणाऱ्याला थांबवायचं भान तेव्हा कोणाला असणार?

आणि नंतर गाव काय म्हणू लागलं, ऐका. घंटेने गाव वाचवलं. अहो, गाव उंचावर होतं, त्याला पाणी लागणारच नव्हतं. ज्यांना वाचवायचं होतं त्यांच्यापर्यंत घंटेच्या आधी पाणी पोचलं होतं. पण पाटलांना हे कोण सांगणार? उलट त्या दसऱ्याला घंटेला झेंडूची माळ घातली.

वाडीतली जी पोरं उरली, ती गावात नातलगांच्या पडव्यांत राहू लागली. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी घंटा झाली आणि ही पोरं उधळली. दप्तरं टाकून, एकमेकांना ओढत, शाळेमागच्या टेकाडावर पळत गेली. कोणाची चड्डी ओली झाली. ठकू नावाची एक आठ वर्षांची पोर होती, ती टेकाडावरच्या हिरड्यावर चढून बसली ती उतरेचना. आई आणि तान्हा भाऊ गेल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच. तेव्हाच्या पंतोजींनी काय केलं? मोठी मुलं पाठवून पोरांना फरफटत खाली आणलं आणि ओणवं उभं केलं. नाटकं करतात म्हणाले. छडीने नाटकं बंद होतील म्हणाले. गावाने माना डोलावल्या. ज्यांनी बांधाकडे बघितलं नाही, तेच आता या पोरांना शिस्त लावत होते. मला सांगा, यात लाजायचं कोणी होतं?

पुढे पंतोजी थकले आणि आपल्या गावी गेले. त्यांच्या जागी संस्थानाने एक बाई पाठवली. द्वारकाबाई तिचं नाव. लहानपणीच नवरा गेलेला, शहरात राहून मास्तरकी शिकलेली. गावाने नाक मुरडलं. बाईमाणूस काय शाळा चालवणार, असं पारावर बोलणं झालं.

तिच्या पहिल्या सकाळी घंटा झाली आणि पोरं पळाली. मोठी मुलं सवयीने त्यांना धरायला उठली. बाईने त्यांना हाताने खाली बसवलं, पदर खोचला आणि स्वतः पळत सुटली. लोकांना वाटलं, धरून आणील आणि चांगली बदडील. ती टेकाडावर पोचली, धापा टाकत पोरांच्या शेजारी दगडावर बसली आणि त्यांच्याबरोबर खाली घळीकडे बघत राहिली. काही विचारलं नाही. मग एवढंच म्हणाली, "जागा चांगली आहे. इथून पाणी येताना आधी दिसेल."

पोरांनी तिच्याकडे वळून बघितलं. तोवर त्यांना हे कोणी म्हणालं नव्हतं. पोरं वेडी नव्हती, व्रात्य नव्हती. ती राखण करत होती, कारण गावातल्या मोठ्यांनी ती केली नव्हती. हे कळायला मास्तरकी शिकावी लागते असं मला वाटत नाही. त्यांच्याशेजारी जाऊन बसावं मात्र लागतं, आणि तेवढंही त्या गावात कोणाकडून झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घंटा बंद. आदल्या दिवशी टेकाडावरून खाली येताना बाईने एकेका पोराला विचारलं होतं, तुला कशी हाक मारू? एक म्हणाला, नुसतं तुका म्हणा. एक म्हणाला, मला बापू म्हणू नका, ते आईचं होतं. बाईने ते लक्षात ठेवलं आणि जन्मभर त्याला बापू म्हटलं नाही. ठकूने उत्तर दिलं नाही, तेव्हा बाईने तिला उत्तर मागितलं नाही.

रोज सकाळी बाई ओट्यावर उभी राहायची आणि एकेकाला नावाने हाक मारायची. मूल येताना दिसलं की मगच पुढचं नाव. ठकूचं नाव आलं की सगळं अडायचं. बाई थांबायची. उन्हं ओट्यावर चढायची, गावातली पोरं कुरकुरायची, पारावरची रिकामटेकडी मंडळी हसायची. "हाकेची बाई" हे नाव तिला तिथेच पडलं, आणि चिडवायला म्हणून पडलं. आज तेच नाव लोक हात जोडून घेतात, म्हणून आठवण करून दिली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण डोंगरापलीकडे जायचा, असं म्हणतात. गुरं चरायची थांबून मान वर करायची. आणि ती हाका मारत असताना खालून, त्या उजाड वाडीतून, कधी कधी "ओ" ऐकू यायची, असंही म्हणतात. याच्यावर मी वाद घालत नाही. ज्यांनी ऐकली त्यांना ती ऐकायची गरज असेल.

ठकू आधी हिरड्यावरून उतरली. मग शाळेच्या पायरीपर्यंत आली आणि थंडी सरता सरता आत, दाराजवळ बसू लागली. बोलत नव्हती, पण पाटीवर अक्षरं काढत होती.

अशात, पुढचा पावसाळा तोंडावर आला असताना, दिपोटी यायची बातमी आली. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला तेव्हा दिपोटी म्हणत. पाटलांनी बाईला बोलावून सांगितलं, साहेब आला की घंटा झाली पाहिजे. बाईने समजावून बघितलं. पाटील म्हणाले, मग वाडीची पोरं त्या दिवशी घरी ठेवा, आणि ज्यांना घंटा सोसत नाही त्यांची नावं पटावरून काढून टाका. ठकू ज्याच्या पडवीत राहायची तो तिचा चुलता तिथेच बसला होता. तो याचीच वाट बघत होता. घाटाखालचा एक बिजवर त्याने हेरून ठेवला होता. मुकी पोरगी शाळेतही टिकत नाही असं एकदा ठरलं की तिला उजवून मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत. आठ वर्षांची पोर, आणि चाळिशीचा बाप्या.

पाटील म्हणाले, "पूर येऊन वरीस झालं बाई. आनी किती दिस लाड करायचं ह्यांचं?"

"तुमचं वर्ष झालं, पाटील," बाई म्हणाली. "यांना तो रोज सकाळी येतो. नावं मी काढणार नाही."

दिपोटी आला. गाव जमलं. पोरं ओळीने उभी, वाडीचीही. बाई ओट्यावर. पाटलांनी फेटा सावरला, सगळ्यांच्या देखत हातोडा उचलला आणि ते घंटेकडे गेले. आता घंटा होणार, पोरं पळणार, दिपोटी ते बघणार, आणि ठकूचं नाव जाणार, हे बाईला कळत होतं. तिने पुढे होऊन दोन्ही हातांनी घंटेला मिठी मारली.

हातोडा उगारलेला होता, तो खाली आला. घंटेवर बसला आणि बाईच्या बोटांवरही बसला. नुसता धप्प आवाज झाला. पाटलांना वाटलं, आता हात काढील. त्यांनी दुसरा टोल मारला. बाईने गाल घंटेला टेकला, पण हात काढले नाहीत. तो धप्प आवाज ऐकूनसुद्धा वाडीची पोरं पळालीच. ठकू सगळ्यांत पुढे. आवाराच्या दगडी कुंपणापर्यंत गेली आणि तिथे तिने मागे वळून पाहिलं.

ती परत आली. ज्या घंटेच्या नुसत्या चाहुलीने झाडावर चढायची, तिच्याकडे चालत आली, बाईच्या समोरच्या बाजूने घंटेला तिने मिठी घातली, आणि पाटलांकडे बघून म्हणाली,

"नका वाजवू. आम्ही आलोय."

हातोडा तिसऱ्यांदा उठला नाही.

आता लोक काय सांगतात? त्या दिवशी घंटा आपोआप मुकी झाली, असं म्हणतात. देवीने तिचा आवाज काढून घेतला, असं म्हणतात. हेच ऐकलं की माझं डोकं फिरतं. घंटा मुकी झाली नव्हती. एका बाईने तिला कवटाळलं होतं आणि शंभर माणसं बघत उभी होती. देवीचं नाव घेतलं की त्या शंभरांना लाज वाटायचं कारण उरत नाही, म्हणून देवी आणली. बाईची दोन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. देवीच्या करणीने बोटं मोडत नाहीत, पाटलाच्या हातोड्याने मोडतात.

दिपोटीने टोपी काढून बाईला नमस्कार केला, असंही म्हणतात. साहेबांच्या टोप्या एवढ्या सहज निघत नाहीत, तेव्हा मला शंका आहे. पण त्याने ठकूला वाचायला लावलं आणि तिने अडखळत वाचलं, हे खरं. नाव पटावर राहिलं. चुलत्याची तक्रार चालू राहिली तेव्हा बाईने ठकूला सरळ आपल्या खोलीवर राहायला आणलं, आणि घाटाखालच्या बिजवराला निरोप पाठवला की इकडे फिरकू नकोस. पाटील पुढे सुधारले म्हणे. मला ठाऊक नाही. बांध मात्र पुढच्या उन्हाळ्यात नव्याने घातला गेला.

बाई म्हातारी होईपर्यंत तिथेच शिकवत राहिली. एका सकाळी नेहमीसारख्या हाका आल्या, सगळी नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत. पोरं जमली तर ओट्यावर कोणीच नव्हतं. खोलीत जाऊन बघतात तर बाई पहाटेच गेली होती, अंग गार पडलं होतं. असं म्हणतात. हे मी मानतो, का ते विचारू नका.

तेव्हापासून धामणतळ्याच्या शाळेत घंटा नाही. वरून किती फर्मानं आली, मधे कोणी भोंगा बसवून दिला, तो गावाने काढून पंचायतीच्या माळ्यावर टाकला. शिकवायला येणाऱ्याने पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारायचं, तुला कशी हाक मारू, आणि पोर सांगेल तीच हाक मारायची. मग रोज बाईची आठवण ठेवून, ओट्यावर उभं राहून एकेकाला हाक घालायची. मूल दिसल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. आलंच नाही तर त्याच्या घरी जायचं. ओढून आणायला नाही, शेजारी बसायला.

मागच्या साली तिथे वीटभट्टीवरची एक पोर आली. तिच्यादेखत तिच्या बापाला मारून टाकलं होतं. ती यायची, पण आवाराबाहेर भट्टीच्या वाटेवर बसून राहायची. गुरुजींनी तिचं नाव घेतलं आणि ते थांबले. ऊन चढलं. खिचडी शिजून निवायला लागली. पोरं भुकेली झाली, पण एकाही पोराने "माझं नाव घ्या" म्हटलं नाही. मग एक पोरगा उठला, बाहेर गेला आणि तिच्या शेजारी धुळीत बसला. त्याच्यामागे दुसरा गेला. करता करता अख्खी शाळा वाटेवर जाऊन बसली, गुरुजीसुद्धा, आणि राहिलेली नावं त्यांनी तिथेच बसून घेतली.