ठकूआत्याची हाळी

तेव्हा भोवरी नदीच्या दरीवर पूल नव्हता, नुसतं आभाळ होतं. या काठाला कातळघर, त्या काठाला निवळवाडी. एका गावच्या चुलीचा धूर दुसऱ्या गावाला दिसायचा, पण जायचं म्हटलं तर अख्खी दरी उतरा, नदी ओलांडा आणि पुन्हा चढा. पावसाळ्यात तर तेही नाही. फार वर्षांपूर्वीच्या त्या काळात कातळघरात ठकूआत्या राहायची, आणि तिच्यासारखा आवाज या मुलखात पुन्हा झाला नाही, असं म्हणतात.

ठकूआत्याने हाळी दिली की निवळवाडीची गुरं चरता चरता माना वर करायची.

"हळू बोल गो आत्या, देव जागा होईल," बाया हसायच्या.

"होऊ दे की. कधीचा निजलाय," आत्या म्हणायची.

तिची एकुलती एक लेक पारू निवळवाडीला दिलेली. सकाळी चूल पेटली की आत्या कड्यावर जाऊन हाळी घालायची, "पारेऽऽ, कशी हायस गोऽऽ?" पलीकडून यायचं, "बरी हाय गो आयेऽऽ!" मग सासू काय म्हणाली, वांगी धरली का, पाठ दुखते का, सगळी बोलणी दरीवरून. पारूच्या घरातलं काही दोन्ही गावांना मुद्दाम विचारावंच लागायचं नाही. विचारायची हौस असणाऱ्यांचा तर हिरमोडच व्हायचा.

पण एका पावसाळ्यात पारूचं पहिलं बाळंतपण होतं. माहेरी आणायचं ठरलं आणि भोवरीला पूर आला. आत्या कड्यावर उभी राहून ओरडत राहिली, "धीर धर गो पारेऽऽ!" मूल हाती लागलं नाही. आईचा आवाज पोचला, हात पोचला नाही. तेव्हापासून आत्याच्या मनाने एकच घेतलं होतं, या दरीवरून चालत जायचं.

म्हणून रेल्वेचा पूल बांधायला माणसं आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. दगडी खांब दरीतून वर येऊ लागले. आत्या गड्यांना ताक नेऊन द्यायची आणि शिदोजी मुकादमाला रोज विचारायची, "कधी होतंय रे?" शिदोजी घाटावरचा, तोंडाचा फटकळ, मनाचा सरळ. एकदा आत्याच्या सकाळच्या हाळीने परांचीवरचा एक गडी असा दचकला, की हातातला हातोडा थेट नदीत गेला.

"आत्या, आज हातोडा गेला, उद्या माणूस जाईल," शिदोजी म्हणाला. "पूल होईपर्यंत तोंड बंद!"

पारूला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. तरी आत्या गप्प बसली. पूल हवा होता ना! सकाळी ती कड्यावर लाल लुगडं वाळत घालायची. पलीकडे पारूचं हिरवं लुगडं दिसलं, की समजायचं, लेक बरी आहे. आत्या मुकी झाली म्हणून कोंबडेसुद्धा उशिरा आरवू लागले, असं म्हणतात.

शेवटची लोखंडी तुळई चढवायचा दिवस आला. पावसाळा तोंडावर होता आणि पारूचे दिवस श्रावणात भरणार होते. दोन्ही काठांवर गडी दोर धरून उभे राहिले. दोन्हीकडच्या दोरांना सारख्याच अंतरावर लाल गाठ बांधलेली होती. निशाणं हलली, तुळई दरीतून उचलली गेली. ती अर्ध्यावर आली आणि खालून धुकं उठलं. बघता बघता खांब गेले, निशाणं गेली, पलीकडचे गडी गेले. शिट्ट्या फुंकल्या, तर दरीत त्यांचेच पडसाद घुमले. कोण ओढतंय आणि कोण थांबलंय, कुणालाच कळेना. तुळई एका बाजूला कलली आणि दोर करकरू लागले.

शिदोजी धावत आत्याच्या अंगणात आला. "आत्या, ओरड!"

"अन् तोंड बंद म्हणालास ते रे?"

"थट्टा पुरे गो माये, पलीकडचं टोक खाली गेलंय, तुळई चालली!"

आत्या कड्यावर आली, पदर खोचला आणि किती दिवसांची साठवलेली हाळी सोडली. "पारेऽऽ! तुमचं टोक खाली हाय गोऽऽ! आधी तुम्ही ओढाऽऽ!"

मग धुक्यातून आलं, "ओढतात गो आयेऽऽ!" आणि थोड्या वेळाने, "दोराची लाल गाठ वर आली गोऽऽ!"

इकडेही लाल गाठच वर होती. तुळई सरळ झाली होती.

"पारेऽऽ, आता गड्यांना सांग, माझा आवाज चालू तोवर ओढायचं! थांबला की थांबायचं!"

आणि आत्याने सूर लावला. या काठाला आई, त्या काठाला लेक, दोघींचा एकच सूर, आणि त्या सुरावर दोन्हीकडचे गडी ओढत होते. दम संपला की सगळे थांबायचे, दम भरला की पुन्हा ओढायचे. कड्यातली कबुतरं थव्याने उडाली आणि त्यांच्या पंखांनी धुकं फाटलं, असं म्हणतात. दोर सैल पडले होते, तुळई नुसती आवाजावर चढली, असंही म्हणतात. 'ठण्ण' करून ती खांबांवर बसली, तेव्हा दोन्ही काठांवर असा जल्लोष झाला, की त्यापुढे आत्याचा आवाजही ऐकू येईना!

फळ्या टाकून झाल्यावर शिदोजीने नारळ आत्याच्या हातात दिला. "पहिलं पाऊल तुझं."

"रेल्वेचा साहेब रागावेल ना रे?"

"मी हाय मागं. चल तू."

आत्या दरीवरून चालत निघाली. समोरून पोट सावरत पारू आली. दोन्ही गावं कान टवकारून उभी राहिली, की आता काय ती हाळी निघणार! पण मधोमध पोचल्यावर आत्याने लेकीचं तोंड ओंजळीत धरलं, कानाला ओठ लावले आणि हळूच काहीतरी सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ठकूआत्याचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही.

श्रावणात भोवरीला पूर आला आणि आत्या पुलावरून लेकीच्या बाळंतपणाला गेली. नात झाली. तिचा पहिला टाहो कातळघरात ऐकू आला, असं म्हणतात.

आजही पुलावर येताना गाडीने लांब भोंगा दिला, की कातळघरात चुलीपाशी बसलेली बाई म्हणते, "बोलली ग आत्या." आणि लेक निवळवाडीला दिली, की पहिल्या श्रावणात आई या टोकावरून हाळी घालते, लेक त्या टोकावरून ओ देते. मग रुळांच्या कडेच्या पायवाटेने दोघी मधोमध येतात आणि आई लेकीच्या कानात काहीतरी सांगते. काय सांगितलं, ते विचारायचं नाही, असा रिवाज आहे. जीव नुसता तळमळतो, पण नाही म्हणजे नाही विचारायचं.