मोहाच्या वाटेवरची अस्वलीण

डोंगराच्या अलीकडे एक उघडाबोडका माळ होता आणि त्या माळावर बोरीच्या झुडपाखाली एक ससा राहत असे. ससा म्हटला की तो थोडा भित्रा असायचाच; पण मुलांनो, या सशाची कमालच होती. वाळके पान पडले तरी तो दचके. स्वतःच्या शिंकेलाही दचके! शेजारीपाजारी हसत, आणि मनाने मोठा असल्यामुळे तोही त्यांच्याबरोबर हसे.

त्याचे दोन जिवलग मित्र होते. एक होती साळू. तिच्या पाठीवर काळेपांढरे लांब काटे होते आणि त्या काट्यांचा तिला भारी तोरा होता. दुसरा होता तित्तर. बडबड्या आणि हिंडफिऱ्या. फाल्गुन सरत आला तेव्हा एके दिवशी तो धापा टाकतच माळावर उतरला.

"अरे, डोंगरापलीकडे मोह फुललाय! पहाटे झाडाखाली फुलांचा नुसता सडा पडतो. एकेक फूल म्हणजे गोडाचा घोट! चला, जाऊन पोटभर खाऊन येऊ."

"डोंगरापलीकडे अस्वलं असतात म्हणे," ससा हळूच म्हणाला.

"असू देत की!" साळूने काटे खुळखुळवले. "मी आहे ना बरोबर. माझ्या वाटेला जायची कुणाची छाती नाही."

सशाच्या पोटात गोळा आला होता, पण मोहाच्या फुलांचे नाव ऐकून तोंडाला पाणीही सुटले होते. शेवटी तोंडाने पोटावर मात केली आणि तिघे निघाले.

पहिला दिवस मजेत गेला. तित्तर वाटेतल्या प्रत्येक झाडाची ओळख करून देत होता आणि त्यातली निम्मी नावे चुकत होता. सागाच्या वाळलेल्या पानांवरून चालताना तिघांचा इतका चुरचुराट होई, की जणू वरातच चालली आहे. रात्री ते एका खडकाच्या कपारीत झोपले आणि उजाडताच पुन्हा वाटेला लागले. आता वाट एका कोरड्या नाल्यात उतरली. तिथली वाळू मऊ होती. पावलांचा आवाज एकदम बंद झाला.

थोडे पुढे गेल्यावर वळणापलीकडून एक विचित्र आवाज येऊ लागला. "फूऽऽर्र... सूऽऽप! फूऽऽर्र... सूऽऽप!"

"कुणीतरी घोरतंय!" तित्तर खुदकन हसला.

ससा थबकला. "आपण लांबूनच हाक मारू या का? कोण आहे ते तरी कळेल."

"झोपलेल्याला कशाला उठवायचं?" साळू म्हणाली. "गुपचूप बाजूने निघून जाऊ. चला."

आणि तिघे चोरपावलांनी वळले.

घोरत वगैरे कुणी नव्हते. समोर पंधरा-वीस पावलांवर एक भली मोठी अस्वलीण वारुळात तोंड खुपसून बसली होती. आधी ती फुंकर मारून माती उडवी आणि मग वाळवी ओढून घेई. तिच्या पाठीवरच्या झिपऱ्या केसांत एक पिल्लू चिकटून बसले होते. आधी पिल्लानेच पाहुणे पाहिले आणि ते किंचाळले.

अस्वलीण गर्रकन वळली. नाकाला लाल माती, डोळे बारीक, आणि घशातून असा आवाज की नाल्याच्या दरडीवरचे खडे घरंगळले. ती मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढरा अर्धचंद्र आणि पुढच्या पंजांची वीतभर नखे तिघांनाही अगदी स्पष्ट दिसली.

तित्तर भुर्रकन उडून झाडावर जाऊन बसला. साळूने पाठ फिरवली, सगळे काटे उभारले आणि जोरजोरात खुळखुळवू लागली. "ये, ये पुढे! एकेक काटा नाकात घालते की नाही बघ!" ते काटे पाहून अस्वलीण आणखीच खवळली. तिने पुढचे पंजे जमिनीवर आपटले आणि दोन पावले पुढे आली.

सशाचे काय झाले असेल? त्याची तर पाचावर धारण बसली होती. कान पाठीला चिकटले होते. मागचे पाय सांगत होते, 'पळ, पळ, पळ!' पण सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला मागचेही दिसते. पळायला वाट कुठे आहे ते तो बघू लागला, आणि मागे त्याला काय दिसले? दुसरे पिल्लू! वळणावरच्या झुडपातून ते आत्ताच बाहेर आले होते आणि तोंडात लाकडाचा तुकडा धरून वाळूत फतकल मारून बसले होते. म्हणजे हे तिघे नेमके आईच्या आणि लेकराच्या मधे उभे होते.

मग सशाने अस्वलिणीकडे नीट पाहिले. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्यांच्यावरून पलीकडे लागली होती. नाकपुड्या फडफडत होत्या, श्वास अडखळत होता, आणि ती या पायावरून त्या पायावर अंग तोलत होती. ही सगळी लक्षणे सशाच्या रोजच्या ओळखीची होती.

"साळूताई," तो कुजबुजला, "काटे खाली घे."

"वेड लागलंय का तुला?"

"अगं, ती रागावलेली नाही. घाबरलीय ती! तिचं दुसरं पिल्लू आपल्या मागे आहे. काटे खाली घे आणि हळूहळू दरडीकडे सरक. पळू मात्र नकोस."

मग त्याने सगळे बळ एकवटून, कापऱ्या आवाजात अस्वलिणीला हाक दिली. "मावशी! आम्ही वाटसरू आहोत. मोहाची फुलं खायला निघालोय. तुमच्या पोराला हात लावणार नाही. आम्ही बाजूला होतो, वाट मोकळी आहे. येऊ द्या त्याला तुमच्याकडे."

एकेक पाऊल टाकत दोघे दरडीला जाऊन टेकले. वाट मोकळी झाली. पण पिल्लू कसले जाते आईकडे! काळेपांढरे लांब काटे त्याने जन्मात पाहिले नव्हते. लाकूड टाकून ते तुरुतुरु थेट साळूकडे आले आणि नाक पुढे करून हुंगू लागले. अस्वलिणीच्या घशात गुरगुर सुरू झाली. एक जरी काटा त्या इवल्या नाकात शिरला असता, तर पुढे काय झाले असते ते सांगायला नको.

साळू दरडीला अंग दाबून बसली. ज्या काट्यांचा तिला एवढा तोरा, ते तिने अंगाशी गच्च आवळून धरले. डोळे मिटले. श्वासही घेईना. पिल्लाने तिची शेपटी हुंगली, पाठ हुंगली, शेवटी तोंडाला तोंड लावले आणि फटकन शिंकले! आपल्याच शिंकेने घाबरून ते धूम पळाले आणि आईच्या पाठीवर जाऊन चढले.

अस्वलीण धपकन खाली बसली. दोन्ही पिल्लांना तिने चाटचाटून घेतले आणि मग म्हणाली, "मला वाटलं, गेलं माझं पोर."

"मावशी, आम्हाला वाटलं, गेलो आम्हीच!" ससा म्हणाला.

"तुम्ही? मला घाबरलात?" अस्वलीण हसली. "अरे, माझ्या पायातलं कापरं अजून थांबलेलं नाही. माझी नजर अधू, आणि वारुळात तोंड घातलं की कानाला काही ऐकू येत नाही. अशात कुणी एकदम पुढ्यात उभं राहिलं की जीव उडतो बघ. हाक मारायची होतीत की! मीच बाजूला झाले असते."

साळूने मान खाली घातली. "हा म्हणत होता हाक मारू या. मीच नको म्हटलं. चुकलं माझं."

"जाऊ दे. नाला संपला की उजवीकडे वर चढा. सपाटीवर सात मोह आहेत. कडेची दोन झाडं माझ्या पोरांना ठेवा, बाकीची तुमची."

तित्तर तोंड लपवत खाली उतरला. पुढच्या वळणाआधी त्यानेच गळा मोकळा केला, "येतोय होऽऽ! आम्ही तिघं येतोय!"

"पण ती घाबरलीय हे तुला कळलं कसं?" चढ चढताना साळूने विचारले. "मला तर नुसती नखं दिसत होती."

"ताई," ससा म्हणाला, "घाबरण्याचा माझ्याइतका सराव आपल्या माळावर दुसऱ्या कुणाला आहे?"

तिघेही पोट धरून हसले. यावेळी साळूचे हसणे मात्र निराळे होते. त्यात थट्टा नव्हती.

सपाटीवर खरोखरच सात मोह होते. खाली पिवळसर फुलांचा ओला सडा पडला होता. त्यांनी आडवा हात मारला. तित्तराने तर इतकी फुले खाल्ली की त्याला उडताच येईना आणि एका साळूच्या दोन दोन साळू दिसू लागल्या, असे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला. दुपारी ते सावलीत लोळत असताना खालून जाडाभरडा आवाज आला, "मी येतेय रेऽऽ! पोरांना घेऊन येतेय!"

ससा दचकला, ही गोष्ट खरी. पण मग उठून त्याने कडेच्या दोन झाडांखालची पाने बाजूला सारली, म्हणजे पिल्लांना फुले नीट सापडतील.

तात्पर्य एवढेच : अंगावर येणारा नेहमी रागावलेलाच असतो असे नाही, पुष्कळदा तो आपल्याइतकाच घाबरलेला असतो. त्याची भीती ओळखून जो त्याला वाट मोकळी करून देतो, तोच खरा धीराचा.