पावणाईसमोरचा उघडा हात

पावणाईच्या देवळात कौल लावला की आमच्या गावच्या बायका हात जोडत नाहीत. एक हात देवीच्या उजव्या खांद्याखाली धरतात, तळवा वर. पाहुण्यांना हा उद्धटपणा वाटतो. आहेच तो.

कौलाची रीत अशी. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून देवीला प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

असं सांगतात, की खालच्या तळ्याचा बांध तीन पावसाळे ओळीने फुटला. का फुटतोय ते बघायला एकही म्हातारा चिखलात उतरला नाही. देवळाच्या पायरीवर बसूनच त्यांनी ठरवलं, बांध माणूस मागतोय. आणि माणूस कोण, तर येसू. नवरा गेलेला, मूल नाही, माहेर खाडीपलीकडे. जिच्यामागे रडायला कोणी नाही तीच देवाला हवी असते, हे म्हाताऱ्यांना नेमकं कळतं.

पण बळी राजीखुशीचा लागतो म्हणे. म्हणून तिला बोलावलं.

"येसू, तुझ्या कपाळात लिवलेला आसा ता," बाबल गावकर म्हणाला. गावात त्याचा शब्द शेवटचा. "होय म्हण."

"लिवलेला आसा तर माका इचारतास कित्याक?"

मग त्यांनी देवीला पुढे केलं. कौल लावा. उजवी पडली तर येसू बांधात.

सकाळी पाकळ्या लावल्या. सूर्य माथ्यावर आला तरी एकही हलेना. गुरव पुन्हा पुन्हा गाऱ्हाणं घालत राहिला. बांधावर खड्डा खणून तयार होता, फावडी थांबली होती. पाषाणापुढे उभ्या येसूची नजर उजव्या खांद्यावरून ढळत नव्हती.

आधी पाकळीची कड सुटली. मग ती केसभर खाली सरकली. गावकराने हात जोडून डोळे मिटले, तसे सगळ्यांनी मिटले.

डोळे उघडले तेव्हा फरशी कोरडी. पाकळी येसूच्या तळव्यावर.

"देवीचो कौल अडवलंस, रांडे!" गावकर ओरडला.

"तिच्या मर्जीबगर पान हलना नाय, ह्या तुमीच सांगतास मां, काकानू?" येसूने हात मागे घेतला नाही. "मगे माझो हात कोणी हलवल्यान?"

गावकराने दोन्ही उत्तरं तोलून पाहिली. 'देवीने' म्हटलं तर येसू सुटते. 'तू' म्हटलं तर माणसाचा हात त्याचा स्वतःचा ठरतो, आणि मग बांधावरचा खड्डाही देवीने नाही, कुणीतरी खणलेला ठरतो.

उत्तराची वाट न बघता येसू बांधावर गेली, पाकळी त्या खड्ड्यात टाकली आणि घरी जाऊन चूल पेटवली. खड्डा बुजवायला कोणी धजेना. पावसात पाण्याने तिथूनच वाट काढली, आणि त्यानंतर बांध कधी फुटला नाही म्हणे. त्याला माणूस नको होता, पाणी जायला तोंड हवं होतं.

ते तोंड आजही उघडं आहे, जाताना बघा. आणि आजही कौल लावला की मानकरी मागून ओरडतात, "हात जोडा! हात जोडा!"

जोडलेल्या हातांनी पाकळी झेलता येत नाही, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक आहे.