गढूळ पाझर

पूर्वी डोंगरांच्या पायथ्याशी दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व वेळुवती नावाच्या गावी गावमुख्याच्या घरी जन्मला आणि वडिलांच्या मागे स्वतः मुख्य झाला.

वेळुवतीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचा एक बांध होता. एरवी त्याच्या मागच्या कोरड्या खोलगटात गुरे चरत. डोंगरात पाऊस कोसळला की लोंढा तिथे अडे, मोरीतून बेताबेताने उतरे आणि गाव वाचे. बांधाच्या डाव्या टोकाला जुन्या माणसांनी मुद्दाम एक खाच ठेवली होती. पाणी फारच चढले तर ते त्या खाचेतून बाजूच्या घळीत पडावे आणि गावाला वळसा घालून निघून जावे, यासाठी ती होती.

सुगी झाली की प्रत्येक घराने बांधावर पाटीभर माती वाहायची, अशी गावाची रीत. वाहणाऱ्यांना ती खाच बांधाच्या अंगावरच्या जखमेसारखी दिसे. कुणीतरी भक्तिभावाने तिथे पाटी रिकामी केली, मग सगळ्यांनीच केली. होता होता खाच बुजली, वर गवत उगवले आणि गाव स्वतःवर भारी खूश झाले. ती उकरायला हवी, असे बोधिसत्त्वाने सुचवले, तेव्हा म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

"वाडवडिलांनी वाहिलेली माती उपसायची? मुख्या, भलतंच काय बोलतोस?"

बोधिसत्त्वाने वाद वाढवला नाही. मात्र बांधाच्या पायथ्याशी पाझर होता, तो रोज पाहायचे काम त्याने नंदिय नावाच्या एका तरुण गावकऱ्यावर सोपवले. या नंदियाने कोरड्या पडलेल्या घळीतच कुडाचे घर बांधले होते, पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर.

"पाझर नितळ आहे तोवर चिंता नाही," बोधिसत्त्व त्याला म्हणाला. "गढूळ झाला, तर बांध आतून माती सोडतोय असं समज. तसाच धावत ये."

एका भाद्रपदात पावसाने उसंत म्हणून घेतली नाही. बांध काठोकाठ भरला. सकाळी नंदिय पायथ्याशी गेला. पाझर गढूळ झाला होता.

धावायला हवे होते, पण पाय उचलेनात. सांगितले तर मुख्य खाच उकरणार आणि सगळे पाणी आपल्या घळीत येणार. बांध फुटला तर लोंढा ओढ्याने गावावर जाईल. आपले घर बाजूलाच राहील. घरात बायको भद्रा होती, ओली बाळंतीण, कुशीत तान्ही लेक. त्या कुडांपलीकडे नंदियाचे या जगात काही नव्हते. पाऊस आता थांबेलच, असे त्याने स्वतःला सांगितले. भ्यालेला माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतो.

बांधावर सारे गाव मातीची भर घालीत होते. बोधिसत्त्वाने विचारले, "नंदिया, पाझर कसा आहे?"

"नितळ आहे, दादा."

बोधिसत्त्वाने विश्वास ठेवला. नंदियाही पाट्या उचलू लागला, पण त्याची नजर पुन्हा पुन्हा खाली जाई. पायथ्याशी बाया माती भरत होत्या, पोरे त्यांच्या पायांत घोटाळत होती. तेवढ्यात पायाखाली बांध थरथरला. दुसऱ्या कुणाला ते जाणवले नाही. नंदियाने मात्र हातातली पाटी खाली ठेवली. थोड्या वेळाने उतारावरून मातीचा एक गोळा घसरला आणि एका म्हातारीच्या टोपलीशेजारी येऊन पडला. ती हसली आणि तीच माती टोपलीत भरू लागली.

नंदियाने धावत जाऊन बोधिसत्त्वाचे पाय धरले. "दादा, मी खोटं बोललो. पाझर सकाळपासून गढूळ आहे."

आता लाथ बसणार, असे त्याला वाटले. बोधिसत्त्वाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने खालच्या पोरांकडे पाहिले, मग घळीकडे.

"घरात कोण आहे?"

"भद्रा. आणि लेक."

"आधी त्यांना काढ. टेकडीवर पोचलास की ओरड. तोवर मी शेवटची माती फोडणार नाही. पळ!"

त्याने पायथ्याची माणसे टेकडीकडे पिटाळली आणि फावडे घेऊन खाचेपाशी आला. म्हातारे आडवे आले. तो म्हणाला, "या मातीत माझ्या आईचीही पाटी आहे. आज ती असती, तर पहिलं फावडं तिनंच मारलं असतं." तेव्हा ते बाजूला सरले.

नंदिय घळीतून धावत होता. त्याच्या मानेमागे सगळे पाणी उभे होते. ज्याला आपण फसवले, तो आपल्यासाठी थांबेल का? गाव बुडायची वेळ आली असताना का म्हणून थांबावे त्याने? वाऱ्याच्या प्रत्येक आवाजाला त्याला लोंढाच आल्यासारखे वाटे. त्याने लेकीला छातीशी धरले, भद्राला ओढत, उचलत टेकडी गाठली. ओरडायला तोंड उघडले तर आवाजच फुटेना. शेवटी भद्रानेच टाहो फोडला.

मग फावडे पडले. खाच फुटली, पाणी गर्जत घळीत शिरले आणि नंदियाचे घर पाहता पाहता दिसेनासे झाले. बांध टिकला. सांजेपर्यंत पाणी हातभर उतरले.

टेकडीवर लोकांच्या जिवात जीव आला, तसे ते विचारू लागले, "बांध आतून खचतोय, हे कळलं कसं मुख्या?"

नंदियाने लेकीला आणखी जवळ घेतले. हे गाव आता आपल्याला बायकोपोरीसकट हाकलणार, हे त्याला ठाऊक होते.

बोधिसत्त्व म्हणाला, "नंदियानं मला येऊन सांगितलं. तुमची घरं राहिली, त्याचं गेलं. उद्यापासून त्याच्या घराला लागा."

टोपलीवाल्या म्हातारीने नंदियाच्या तोंडावरून हात फिरवला. तो हमसून हमसून रडू लागला. घर गेल्याचे दुःख आहे, असे लोकांना वाटले. त्याने किती उशिरा सांगितले, हे दोघांनाच माहीत होते. त्यातला एक ते कधी बोलला नाही आणि दुसरा पुन्हा कधी खोटे बोलला नाही.

भगवान शास्त्यांनी ही कथा जेतवन विहारात भिक्खूंना सांगितली, तेव्हा आपली चूक लपवून बसलेला एक तरुण भिक्खू सभेत होता. शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, त्या जन्मीचे गावकरी म्हणजे ही परिषद. गावचा मुख्य मीच होतो. नंदिय कोण, ते त्याचे त्याला कळले आहे. भ्यालेल्याला लाजेत न बुडवता खऱ्याच्या काठाला लावणे, याला करुणा म्हणतात."