पुलाचे ओंडके

फार पूर्वी, जंगलाचा कारभार दरबारातून चाले तेव्हा, ओढ्यावर पूल बांधायचं ठरलं. लाकूड खरेदीचं काम अस्वलाकडे होतं. त्याने गुहेचं दार लावून घेतलं आणि तरसाने आणलेले ओंडके पसंत केले. आत काय पाहिलं, त्यालाच ठाऊक! पहिल्याच पुरात पूल मोडला आणि हरिणीचं पाडस वाहून गेलं.

सुतारपक्षी दरबारात शिरला तो ओरडतच. "ओंडके आतून पोखरलेले होते! तुझ्या गुहेसमोरच्या झाडावर मी जन्मभर लाकूड ठोकतोय. मला एका शब्दाने विचारलं असतंस, तर तुझं काय बिघडलं असतं?"

"खरेदी दाराआडच करायची, असा रिवाज आहे," अस्वल म्हणालं. "आणि लाकूड पारखायला मला कुणी शिकवलंच नाही."

"मग आता शिक! सगळ्यांसमोर शिक!"

नवे ओंडके उघड्या माळावर मांडले. सारं जंगल जमलं. सुतारपक्षी एकेका ओंडक्यावर चोच आपटू लागला आणि अस्वल कान लावून ऐकू लागलं. तिसऱ्याच ओंडक्याला ते दचकलं. "हा पोकळ आहे!"

हरिणी पुढे आली.

"एवढंच शिकायचं होतं?" तिने विचारलं.

अस्वलाला ओंडक्यावरून मान वर करवेना.